पश्चिमेकडे सरकणारी हद्द: अमेरिकेच्या भूविस्तारावरील मराठी नकाशासंचाचे परीक्षण

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी १७८३ ते १८६७ या काळात कोणता मुलूख कोणाकडून आणि कसा मिळवला, आणि त्यामुळे तेथील वस्ती पश्चिमेकडे कशी सरकत गेली, हे मराठीतून दाखवणारा नऊ भित्तिनकाशांचा एक संच आमच्या राजापूर तालुक्यातील एका सार्वजनिक वाचनालयाने गेल्या उन्हाळ्यात विकत घेतला. माध्यमिक शाळेतील नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी या वाचनालयात इतिहासाचा अभ्यासवर्ग घेतो. वर्गाला कॉलेजची मुले येतात, तसेच आंबा-काजूचे बागायतदार, भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेले एक भूमापक आणि महामार्गाच्या रुंदीकरणात जमीन गेलेले काही शेतकरीही येतात. पावसाळाभर हे तक्ते भिंतीवर लावून आम्ही एकेक करून वाचले. ज्या शाळा आणि वाचनालये हा संच घेण्याच्या विचारात असतील त्यांच्यासाठी हे परीक्षण लिहीत आहे. माझे मत आधीच सांगतो: संच घेण्यासारखा आहे, त्यातील दोन तक्ते तर फार वरच्या दर्जाचे आहेत, मात्र त्यात छपाईची एक ठळक चूक आहे आणि मजकुराची एक मोठी उणीव आहे, आणि ती उणीव शिकवणाऱ्याने भरून काढली नाही तर विद्यार्थ्यांच्या मनात या साऱ्या इतिहासाचे चित्रच चुकीचे उमटेल.

बांधणीबद्दल थोडक्यात. नकाशे कापडी पाठीवर चिकटवलेले असून वर-खाली लाकडी दांड्या आहेत. कोकणातल्या पावसात भिंतीवरच्या कागदाला बुरशी येते, तो पोपडे धरतो आणि दसऱ्यापर्यंत वाचण्याजोगा राहत नाही, असा आमचा आजवरचा अनुभव आहे. हा कागद टिकला. दोन तक्त्यांच्या कडा थोड्या फुगल्या, एवढेच. लोखंडी कड्या मात्र खाऱ्या हवेने गंजल्या आणि आम्हाला पितळी बसवून घ्याव्या लागल्या, तेव्हा किनाऱ्यावरच्या संस्थांनी ते काम आधीच करून घ्यावे. अक्षर मोठे आहे, शेवटच्या बाकावरून वाचता येते. सोबतच्या पुस्तिकेची भाषा स्वच्छ आहे, परंतु स्थलनामांचे लेखन पुस्तिकेत एक आणि नकाशावर दुसरे असे काही ठिकाणी झाले आहे.

पहिला तक्ता १७८३ च्या पॅरिस तहाचा आहे. या तहाने इंग्लंडने मिसिसिपी नदीपर्यंतच्या मुलखावरचा आपला हक्क सोडला. पण तो मुलूख नव्या राष्ट्राच्या हाती सरळ आला नाही, कारण व्हर्जिनिया, न्यूयॉर्क, कनेटिकट, मॅसॅच्युसेट्स आणि दक्षिणेकडील राज्ये आपापल्या जुन्या सनदांच्या आधारे त्यावर हक्क सांगत होती आणि हे हक्क एकमेकांवर चढलेले होते. ज्यांच्या वाट्याला पश्चिमेकडे काहीच नव्हते अशा मेरीलँडने, ही जमीन सर्वांची सामाईक झाल्याशिवाय संघाच्या करारावर, म्हणजे तेरा राज्यांना एकत्र बांधणाऱ्या पहिल्या करारावर, सही करणार नाही असा आग्रह १७८१ पर्यंत धरला. पुढे व्हर्जिनियाने १७८४ मध्ये ओहायो नदीच्या उत्तरेकडील आपला दावा सोडला आणि जॉर्जियाने सर्वांत शेवटी १८०२ मध्ये. चढलेले दावे आडव्या-तिरप्या रेघांनी दाखवण्याची युक्ती चांगली साधली आहे. केंद्राकडे स्वतःच्या मालकीची जमीन आली ती येथून, आणि पुढच्या सगळ्या विस्ताराची मेढ इथेच रोवली गेली, ही गोष्ट पुस्तिकेने नेमकी पकडली आहे. १७८७ च्या वायव्य प्रदेशाच्या कायद्यालाही याच तक्त्यावर जागा दिली आहे, आणि ते योग्यच झाले. पश्चिमेकडील मुलूख जुन्या राज्यांची वसाहत म्हणून राहणार नाही, तेथे साठ हजार मुक्त रहिवासी झाले की त्यांचे राज्य जुन्या राज्यांच्या बरोबरीने संघात घेतले जाईल, हे त्या कायद्याने ठरवून टाकले. इंग्लंडपासून नुकत्याच सुटलेल्या लोकांनी स्वतः मात्र वसाहती करायच्या नाहीत असे ठरवणे, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती.

दुसरा तक्ता लुइझियानाच्या खरेदीचा आहे आणि संचातील दोन उत्कृष्ट तक्त्यांपैकी हा एक. आपल्याकडच्या क्रमिक पुस्तकांत या व्यवहारावर फार तर एक वाक्य असते. या तक्त्याने मात्र त्याची सुरुवात न्यू ऑर्लिन्सच्या धक्क्यापासून केली आहे. ॲपलाशियन डोंगरांच्या पलीकडे केंटकी, टेनेसी आणि ओहायो येथे वस्ती केलेल्यांना आपले धान्य, तंबाखू, व्हिस्की आणि डुकराचे मांस डोंगर चढवून पूर्व किनाऱ्यावर नेणे परवडत नसे; तो माल तराफ्यांतून नदीने खाली न्यू ऑर्लिन्सला जाई, आणि जहाज मिळेपर्यंत तेथे उतरवून ठेवण्याची मुभा स्पेनने १७९५ च्या तहाने दिली होती. ही मुभा १८०२ मध्ये तेथील स्पॅनिश अधिकाऱ्याने काढून घेतली, आणि स्पेनने हा सारा मुलूख गुप्त तहाने फ्रान्सला परत देण्याचे ठरवले आहे हेही त्याच सुमारास सर्वतोमुखी झाले. घाटमाथ्यावरून अणस्कुऱ्याच्या वाटेने माल उतरवणारे राजापूरचे बंदर गाळाने भरल्यावर या गावाचे काय झाले, हे इथल्या माणसाला सांगावे लागत नाही. त्यामुळे एका बंदरासाठी एवढी धडपड का झाली, हे वर्गाला पहिल्या बैठकीतच उमगले.

राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांनी जेम्स मन्रो यांना पॅरिसला पाठवले ते न्यू ऑर्लिन्स आणि फ्लोरिडाची किनारपट्टी मिळवण्यासाठी. रॉबर्ट लिव्हिंग्स्टन तेथे अमेरिकेचे राजदूत म्हणून आधीपासूनच होते. परंतु सेंट डोमिंग (आजचे हैती) या फ्रेंच वसाहतीत गुलामगिरीतून उठलेल्या लोकांशी लढताना आणि पीतज्वराने नेपोलियनचे सैन्य खलास झाले होते, सेनापती लक्लेर नोव्हेंबर १८०२ मध्ये मरण पावला होता, आणि इंग्लंडशी पुन्हा युद्ध तोंडावर होते. तेव्हा नेपोलियनने बंदरच काय, सगळा मुलूखच देऊ केला. ३० एप्रिल १८०३ या तारखेच्या तहाने सुमारे ८,२८,००० चौरस मैलांचा हक्क दीड कोटी डॉलरला अमेरिकेकडे आला. हे पैसे कसे दिले गेले, याची चौकट तक्त्याच्या उजव्या कोपऱ्यात आहे आणि ती मला विशेष आवडली: १ कोटी १२ लाख ५० हजार डॉलरचे सहा टक्के व्याजाचे रोखे फ्रान्सला, आणि उरलेले ३७ लाख ५० हजार डॉलर अमेरिकन व्यापाऱ्यांचे फ्रान्सवरील येणे भागवण्यासाठी. ते रोखे विकत घेतले लंडनच्या बेअरिंग आणि ॲमस्टरडॅमच्या होप या पेढ्यांनी. म्हणजे नेपोलियनच्या तिजोरीत ज्या पेढ्यांमार्फत रोकड पडली त्यांतील एक शत्रूच्या राजधानीतली होती, आणि मे १८०३ मध्ये तर प्रत्यक्ष युद्ध सुरूही झाले होते.

या तक्त्यावरची हद्द पश्चिमेला आणि उत्तरेला तुटक रेषेने दाखवली आहे, ही नकाशाकाराची खरी सचोटी म्हणावी लागेल. तहात चतुःसीमा लिहिलेलीच नव्हती. स्पेनच्या ताब्यात आहे आणि पूर्वी फ्रान्सकडे होता तेवढाच मुलूख, अशा मोघम शब्दांत ते काम उरकले होते. उत्तरेची हद्द इंग्लंडशी १८१८ मध्ये एकोणपन्नासाव्या अक्षवृत्तावर ठरली आणि स्पेनशी पश्चिमेची हद्द १८१९ च्या तहाने ठरली, त्याच तहाने फ्लोरिडाही मिळाला. ताब्याच्या तारखाही येथे छापल्या आहेत. स्पेनकडून न्यू ऑर्लिन्सचा रीतसर ताबा फ्रान्सने ३० नोव्हेंबर १८०३ रोजी घेतला आणि २० डिसेंबरला तो अमेरिकेला दिला. खरेदीखत आधी आणि विकणाऱ्याचा ताबा नंतर, हा क्रम पाहून आमचे निवृत्त भूमापक बराच वेळ त्या दोन तारखांसमोर उभे होते.

तिसरा तक्ता मोजणीचा, आणि माझ्या मते संपूर्ण संचाचा प्राण. मुलूख विकत घेणे आणि तेथे वस्ती होणे यांच्यामध्ये जे काम होते ते बहुतेक इतिहासकथनांत गाळले जाते, आणि ते काम म्हणजे साखळी टाकून जमीन मोजणे, तिला क्रमांक देणे आणि लिलावात काढणे. संघाच्या पहिल्या करारानुसार काँग्रेसला, म्हणजे केंद्रीय विधिमंडळाला, कर बसवण्याचा अधिकार नव्हता, स्वातंत्र्ययुद्धाचे कर्ज डोक्यावर होते, आणि सैनिकांना जमिनीची वचने दिलेली होती. देण्यासारखी एकच वस्तू होती, ती जमीन. म्हणून १७८५ चा भूमी अध्यादेश आला. सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद असा एक टाउनशिप, त्याचे ३६ भाग, प्रत्येक भाग ६४० एकरांचा, आणि त्यातील सोळावा भाग शाळेसाठी राखीव. ३० सप्टेंबर १७८५ रोजी टॉमस हचिन्स यांच्या देखरेखीखाली ओहायो नदीच्या काठी मोजणीला सुरुवात झाली, आणि तेथून निघालेली चौकटींची जाळी पुढच्या शतकात रॉकी पर्वत ओलांडून पॅसिफिकपर्यंत पोचली. नदी, टेकडी, दलदल काहीही आडवे येवो, रेघ सरळ.

या तक्त्यावर गंटरच्या साखळीचे चित्र मोठ्या आकारात दिले आहे: लांबी ६६ फूट, शंभर कड्या, ऐंशी साखळ्यांचा एक मैल, दहा चौरस साखळ्यांचा एक एकर. ते पाहताच आमचे भूमापक म्हणाले, "सर, ही तर आपल्या साखळीची दुप्पट." मुंबई इलाख्यात मोजणीची साखळी ३३ फुटांची होती, तिचे सोळा आणे पाडलेले असत, आणि त्या साखळीचा एक चौरस म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर होतो तो त्यामुळेच. इंग्रजांच्या एकाच मोजमापाची ही दोन रूपे असल्याने वर्गातल्या प्रत्येकाला ६४० एकर म्हणजे किती, हे अंगणापासून मोजत नेता आले. मग पुढचा प्रश्न आपोआप आला: डोंगरउतारावर तुकड्यातुकड्यांनी पसरलेली आमची वरकस आणि कातळ जमीन, जिथे एका सातबारावर वीस हिस्सेदार असतात, ती कुठे आणि कोऱ्या कागदावर आखावी तशी आखलेली ही जमीन कुठे? ती जमीन कोरी कशी झाली, याकडे मी खाली येतो.

छपाईची चूक याच तक्त्यावर आहे. टाउनशिपच्या ३६ भागांचे क्रमांक येथे वायव्य कोपऱ्यापासून सुरू करून प्रत्येक ओळीत डावीकडून उजवीकडे दिले आहेत. १७९६ च्या कायद्यापासून रूढ झालेली पद्धत अशी नाही. पहिला क्रमांक ईशान्य कोपऱ्यात येतो, पहिली ओळ उजवीकडून डावीकडे सहापर्यंत जाते, सातवा भाग सहाव्याच्या बरोबर खाली असतो आणि दुसरी ओळ उलट फिरते. अशा रीतीने वळत वळत छत्तिसावा भाग आग्नेय कोपऱ्यात येतो. चुकीच्या क्रमांकांमुळे शाळेचा सोळावा भाग तिसऱ्या ओळीत डावीकडून चौथ्या घरात छापला गेला आहे, तो तिसऱ्या घरात हवा. आम्ही त्यावर पांढरी पट्टी चिकटवून क्रमांक हाताने लिहिले. पुढील आवृत्तीत प्रकाशकांनी हे दुरुस्त करावे.

याच तक्त्याच्या खालच्या पट्टीत जमिनीच्या किमतीचा इतिहास दिला आहे, आणि तो वाचला की विस्ताराचा वेग कशावर ठरत होता हे कळते. १७८५ मध्ये एकरी एक डॉलर आणि किमान ६४० एकर, म्हणजे ६४० डॉलर रोख. इतके पैसे सामान्य शेतकऱ्याजवळ कुठले? म्हणून सुरुवातीची खरेदी कंपन्यांनी आणि सट्टेवाल्यांनी केली. १७९६ मध्ये दर दोन डॉलर झाला. १८०० च्या कायद्याने ३२० एकर घेता येऊ लागले आणि चार वर्षांची उधारी मिळाली. उधारीवर लोकांनी वाजवीपेक्षा जास्त जमीन घेतली आणि १८१९ च्या मंदीत ते बुडाले. १८२० मध्ये उधारी बंद करून दर सव्वा डॉलर आणि किमान ८० एकर करण्यात आले, तेव्हा प्रथमच शंभर डॉलर असलेला माणूस सरकारी जमिनीचा मालक होऊ शकला. १८३६ मध्ये तर केंद्राचे जमीनविक्रीचे उत्पन्न जकातीच्याही पुढे गेले, आणि त्या सट्ट्याला आवर घालण्यासाठी अँड्र्यू जॅक्सन यांना जमिनीची किंमत सोन्या-चांदीतच घेण्याचा हुकूम काढावा लागला. परवानगीशिवाय आधीच जाऊन बसलेल्यांना १८४१ च्या कायद्याने १६० एकर लिलावाविना, किमान दराने घेण्याचा पहिला हक्क दिला. आमच्या वर्गातील काहींना येथे कूळ कायद्याची आठवण झाली, आणि ती साहजिक आहे. पण मला तेथे थांबून फरक सांगावा लागला: आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्याला हक्क मिळाला, तिकडे नव्याने येऊन बसणाऱ्याला मिळाला. तेथे आधीपासून राहणाऱ्यांना त्या कायद्याने काहीच दिले नाही.

टेक्सासचा चौकोन या तक्त्यावर पांढरा सोडला आहे आणि पुस्तिकेत त्याचे कारण दिलेले नाही, म्हणून येथे देतो. टेक्सास १८४५ मध्ये संघात आले ते स्वतंत्र प्रजासत्ताक म्हणून, आणि आपल्या पडीक जमिनी त्याने स्वतःकडेच ठेवल्या. त्यामुळे केंद्राची मोजणी आणि विक्री तेथे लागू झाली नाही.

चौथा, पाचवा आणि सहावा तक्ता अनुक्रमे टेक्सास, ऑरेगन आणि मेक्सिकोकडून मिळालेला मुलूख यांचा आहे. हे तिन्ही सरळ, बिनचूक आणि काहीसे रूक्ष आहेत. ऑरेगनचा वाद १८४६ मध्ये एकोणपन्नासाव्या अक्षवृत्तावर मिटला. युद्धात हरलेल्या मेक्सिकोने २ फेब्रुवारी १८४८ च्या ग्वादालूपे इदाल्गोच्या तहाने कॅलिफोर्नियासह प्रचंड मुलूख दीड कोटी डॉलरला सोडला. कॅलिफोर्नियात सोने सापडले ते त्याच्या नऊ दिवस आधी, आणि सही करणाऱ्यांपैकी कोणालाही ते ठाऊक नव्हते. १८५३ च्या गॅड्सडेन करारातील पट्टी दक्षिणेकडील रेल्वेमार्गासाठी एक कोटी डॉलर देऊन घेतली. सहाव्या तक्त्यावरील एक तपशील मात्र महाराष्ट्रातील वाचकाने मुद्दाम पाहावा. तहाने मेक्सिकन जमीनदारांच्या मालमत्तेला अभय दिले होते. तरीही १८५१ च्या कायद्याने एक आयोग नेमून कॅलिफोर्नियातील प्रत्येक जुन्या सनदधारकाला आपला हक्क सिद्ध करायला लावले. आठशेहून अधिक दावे दाखल झाले, आणि अनेकांचे निकाल लागेपर्यंत वकिलांच्या फीपायी जमीन विकावी लागली. नेमके त्याच सुमारास, १८५२ मध्ये, मुंबई इलाख्यात इनाम कमिशनचा कायदा होऊन इनामदारांकडे सनदा मागितल्या जाऊ लागल्या. दोन खंडांत एकाच दशकात नव्या सत्तेने जुन्या कागदांची अशी झडती घ्यावी, याचा विचार आमच्या वर्गाने एक संपूर्ण बैठक केला.

सातवा तक्ता गुलामगिरीचा. मिळालेल्या प्रत्येक मुलखाबरोबर तेथे गुलामगिरी चालणार की नाही हा प्रश्न उभा राहिला, आणि १८२० ची मिसूरी तडजोड, १८५० ची कॅलिफोर्नियाविषयीची तडजोड, १८५४ चा कॅन्सस-नेब्रास्का कायदा या पायऱ्यांनी तो १८६१ च्या यादवी युद्धापर्यंत पोचला. रेषा ठीक आहेत. पण कापूस कोठे पिकत होता हे दाखवले असते तर या रेषा का ओढल्या गेल्या हे समजले असते. अलाबामा आणि मिसिसिपी येथील कापसाच्या जमिनी चॉक्टॉ, क्रीक आणि चिकसॉ या मूळ रहिवासी लोकांकडून १८३० च्या दशकात घेतल्या गेल्या आणि तेथे गुलामांचे तांडे नेऊन मळे उभे राहिले. यादवी युद्धात तो कापूस अडला तेव्हा मुंबईच्या बंदरात जी तेजी आली ती मराठी वाचकाला माहीत आहे; तिचा धागा या जमिनींपर्यंत जातो.

आठव्या तक्त्यावर १८६२ चे कायदे आहेत. होमस्टेड कायद्याने पाच वर्षे राहून जमीन कसणाऱ्याला १६० एकर जवळजवळ विनामूल्य मिळाले, आणि या कायद्याखाली पुढे सुमारे १६ लाख पट्टे देऊन २७ कोटी एकर जमीन वाटली गेली. त्याच वर्षी पॅसिफिक रेल्वेला रुळांच्या दोन्ही बाजूंचे एकाआड एक भाग देण्यात आले. बुद्धिबळाच्या पटासारखी ही पट्टी तक्त्यावर सुंदर उतरली आहे, आणि मोजणीची चौकट आधीच तयार असल्यामुळेच असे वाटप एका कलमात करता आले, हे पाहताक्षणी कळते. शंभराव्या रेखावृत्ताच्या पश्चिमेला पाऊस कमी असल्याने तेथे १६० एकरांत कुटुंब जगत नसे, ही नोंद पुस्तिकेत हवी होती. नववा तक्ता अलास्काचा आणि एकत्रित नकाशाचा आहे. तो केवळ उजळणीसाठी आहे.

आता उणिवेकडे येतो. लुइझियानाचा तक्ता लावला त्या संध्याकाळी, ज्यांची बाग महामार्गात गेली आहे अशा एक बागायतदार बाई उठून म्हणाल्या, "सर, नेपोलियनने विकली ती जमीन त्याच्या नावावर कधी होती? आणि आत राहणारी माणसं? त्यांना नोटीस तरी आली होती का?" या प्रश्नाचे उत्तर नऊपैकी एकाही तक्त्यावर नाही. मूळ रहिवाशांच्या राष्ट्रांची नावे शेवटच्या तक्त्यावर फिकट अक्षरांत आहेत, आणि १८३८-३९ मध्ये चेरोकी लोकांना ज्या वाटेने हाकलले ती वाट एका छोट्या चौकटीत दाखवली आहे. बाकी सर्वत्र एकच रंग आणि एकच साल, जणू १८०३ मध्ये व्यवहार पुरा झाला.

वास्तविक अमेरिकेने फ्रान्सकडून विकत घेतला तो जमिनीचा ताबा नव्हे; इतर युरोपीय सत्तांना बाजूला ठेवून तेथील राष्ट्रांकडून जमीन घेण्याचा एकट्याचा हक्क तिने विकत घेतला. सर्वोच्च न्यायालयाचे सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी १८२३ मध्ये हेच तत्त्व निकालात मांडले: मूळ रहिवाशांना जमिनीवर वहिवाटीचा हक्क आहे, पण ते ती केंद्र सरकारशिवाय कोणालाही विकू शकत नाहीत. गिऱ्हाईक एकच असले की भाव तेच ठरवते. १७७८ पासून १८७१ मध्ये तहांची पद्धत बंद होईपर्यंत असे सुमारे ३७० तह मंजूर झाले, आणि त्यांतील बहुतेकांत जमीन सुटली. म्हणजे प्रत्येक एकर दोनदा घ्यावा लागला, एकदा युरोपच्या दरबारात आणि पुन्हा नदीकाठच्या तळावर; आणि पश्चिमेकडील वस्ती सरकली ती या दुसऱ्या व्यवहारांच्या तारखांप्रमाणे, पहिल्याच्या नव्हे. भूविस्ताराचा नकाशा काढताना हे गाळणे म्हणजे फेरफार नोंदवून कब्जेदाराचा रकाना कोरा ठेवणे होय.

एक उदाहरण देतो, कारण ते आमच्या वर्गाने खोलात जाऊन अभ्यासले. १८०४ मध्ये सेंट लुईस येथे सॉक आणि मेस्क्वाकी या मूळ रहिवासी लोकांच्या मोजक्या प्रतिनिधींनी इलिनॉय आणि विस्कॉन्सिनमधील विस्तीर्ण जमीन २,२३४ डॉलर ५० सेंटचा माल आणि वर्षाला एक हजार डॉलर यांच्या बदल्यात लिहून दिली. त्या तहात एक कलम होते: ही जमीन सरकारच्या मालकीची राहील तोपर्यंत त्यांनी तेथे राहावे आणि शिकार करावी. कागद वाचणाऱ्याला यात काही खटकणार नाही. परंतु सरकारची मालकी संपणार होती ती मोजणी होऊन जमीन खासगी माणसाला विकली जाईल तेव्हा. पंचवीस वर्षांनी साखळी रॉक नदीकाठच्या त्यांच्या गावापर्यंत आली, शेते लिलावात गेली आणि गाव सोडण्याचा हुकूम निघाला. १८३२ च्या एप्रिलमध्ये ब्लॅक हॉक हा वृद्ध योद्धा बायकामुलांसह शेकडो लोकांना घेऊन परत आला, आणि ऑगस्टमध्ये मिसिसिपी ओलांडून जाताना त्यांतील बहुतेक मारले गेले. त्या पराभवाची भरपाई म्हणून सप्टेंबरमध्ये नदीच्या पश्चिमेकडील, आजच्या आयोवातील, सुमारे साठ लाख एकरांचा पट्टा घेण्यात आला. हा पट्टा दुसऱ्या तक्त्यावर १८०३ च्या रंगात आहे. प्रत्यक्षात १ जून १८३३ पर्यंत तेथे वस्ती करण्यास गोऱ्या शेतकऱ्यांना मनाई होती, आणि त्या दिवसानंतर अवघ्या साडेतेरा वर्षांत आयोवा हे राज्य झाले.

किमतीविषयी म्हणायचे तर शाळेच्या वार्षिक अनुदानातून हा संच घेणे जड जाईल; पण प्रकाशक तक्ते सुटेही देतात. ज्यांना पूर्ण संच परवडत नाही त्यांनी दुसरा, तिसरा आणि आठवा तक्ता घ्यावा, पुस्तिकेसह. नववा घेऊ नये. कनिष्ठ महाविद्यालयांनी सहावा जोडून घ्यावा, कारण इनाम कमिशनशी तुलना करून शिकवता येते.

प्रकाशकांना वाचनालयातर्फे मी पत्र लिहिले आहे, आणि त्यात दहाव्या तक्त्याची मागणी केली आहे. त्यासाठी नवे संशोधन करण्याची गरज नाही. चार्ल्स रॉयस यांनी १८९९ मध्येच सातशेहून अधिक जमीनत्यागांचे क्रमवार नकाशे तयार केले, आणि ते आज सर्वांना खुले आहेत. सगळ्या देशाचे एकत्र दाखवणे अवघड वाटत असेल तर एकट्या आयोवाचे दाखवावे: १८०३ चा पातळ रंग खाली, त्यावर १८३२, १८३६, १८३७ आणि १८४२ चे तह वेगवेगळ्या रंगांत, आणि त्यांवर मोजणीची चौकट. आमच्या भूमापकांनी असा एक तक्ता ड्रॉइंग पेपरवर हाताने काढून दिला आहे आणि सध्या आम्ही तोच वापरतो. त्यात टामा परगण्यातील एक ठिपकाही त्यांनी मुद्दाम भरला आहे, आणि तो छापील तक्त्यावरही असावा असे मी पत्रात कळवले आहे: १८५७ मध्ये मेस्क्वाकी लोकांनी एक हजार डॉलर जमवून तेथे आपल्याच जुन्या मुलखातील ८० एकर जमीन विकत घेतली, एकरी साडेबारा डॉलर दराने, आणि ते आजही तेथे राहतात.